आलोच आहोत तर

महाबळेश्वरला गेलेला मराठी माणूस प्रतापगड बघितल्याशिवाय घाट उतरत नाही. गणपतीपुळ्याला देवदर्शनासाठी निघालेलं कुटुंब दुपारी मालगुंडात असतं, चारच्या सुमाराला जयगडच्या जेटीवर असतं, आणि समोर फेरीबोट लागलेली दिसली की कुटुंबप्रमुख घड्याळाकडे मुद्दाम न बघता म्हणतो, “आलोच आहोत तर हेदवी-वेळणेश्वरही उरकून टाकू.” मागच्या सीटवर धाकट्याला गाडी लागलेली असते, आजींची संध्याकाळची गोळी हॉटेलवर राहिलेली असते, खोलीचं भाडं भरलेलं असतं. पण ‘आलोच आहोत तर’ला उत्तर नाही. पुन्हा कधी येणं होणार, हा त्यातला न उच्चारलेला अर्धा भाग. आणि त्यात मृत्यूपासून पेट्रोलच्या भावापर्यंत सगळं येतं.

आमच्या सोसायटीतले एक्सेलकाका याच पंथाचे. फरक एवढाच, की बाकीचे हे वाक्य तिथे पोचल्यावर म्हणतात. काका ते सहकारनगरातल्या आपल्या दिवाणखान्यात बसून, कुठेही न जाता म्हणतात.

काकांचं खरं नाव खालच्या नामफलकावर आहे. पण पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब त्यांनी सर्वसाधारण सभेत अकरा रंगांत मांडून दाखवला, त्या दिवसापासून ते नाव फक्त पोस्टमन वापरतो. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. वय बासष्ट, गुडघे शाबूत, साखर काठावर. निवृत्तीच्या दिवशी डॅलसच्या मुलाने बापासाठी पन्नास लिटरची बॅकपॅक पाठवली. मुलाच्या मनात काकांनी ती घेऊन राजमाची वगैरे करावं असं होतं. काकांनी ती उघडली, तिचे सगळे कप्पे मोजले, आणि एवढ्या कप्प्यांना पुरेल असा देश शोधायला घेतला.

तो पेरू निघाला. पेरूवरचे विनोद सोसायटीने पहिल्याच आठवड्यात संपवून टाकले आहेत, त्यामुळे ते इथे येणार नाहीत.

पेरूच का, याचं उत्तर पासपोर्टात आहे. सुनेच्या बाळंतपणाला दोघं अमेरिकेला गेले, तेव्हा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. परत आल्यावर काकांच्या वाचनात आलं, की अमेरिकेचा चालू व्हिसा हातात असेल आणि त्याची निदान सहा महिने मुदत उरलेली असेल, तर भारतीय माणसाला २०१७ पासून पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. एक सवलत फुकट मिळाली आहे आणि ती वापराविना पडून आहे, या विचाराने काकांना झोप लागेना. दिवाणखान्यातला सूर्यास्ताचा देखावा खाली उतरला आणि त्या खिळ्यावर पेरूचा नकाशा चढला.

सहल कंपनीबरोबर जायला हरकत नव्हती. काकूंना तर ते फारच आवडलं असतं. परदेशात तिसऱ्या दिवशी वरणभात देणाऱ्या माणसांबद्दल त्यांच्या मनात खरा आदर आहे. पण झेंड्यामागून चालणं काकांना मान्य नाही. दुसऱ्याने केलेल्या आराखड्यावर त्यांनी नोकरीतही सही केली नव्हती, शेरा मारूनच परत पाठवला होता. बॅकपॅकिंग म्हणजे मनाला येईल तिथे राहायचं, वाटेल तेव्हा निघायचं, असं काही लोक समजतात. काकांच्या मते बॅकपॅकिंग म्हणजे ज्यात प्रत्येक गोष्ट आपणच ठरवायची असते, म्हणून सगळीच आधी ठरवून ठेवावी लागते.

देश महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडा मोठा. पश्चिमेला समुद्राला लागून वाळवंटाची चिंचोळी पट्टी, मधे अँडीजच्या रांगा, पलीकडे अॅमेझॉनचं जंगल, आणि निम्म्याहून जास्त देश या जंगलाखाली. कोस्ता, सिएरा, सेल्वा. हे तीन शब्द काका आता कोकण, घाट, देश म्हणावं तितक्या सहज म्हणतात. किनाऱ्यालगत हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो, म्हणून तिथे ढग येतात पण पाऊस पडत नाही. लिमा ही समुद्रकाठची राजधानी खरी, पण वाळवंटातली. हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. आमची इमारत चार मजल्यांची. हम्बोल्ट दुसऱ्या मजल्यावर सुरू झाला आणि मला माझा मजला सोडून त्यांच्याबरोबर वरपर्यंत जाऊन पुन्हा खाली यावं लागलं.

खरी गोम ऋतूंची आहे. किनाऱ्यावर स्वच्छ ऊन पडतं ते डिसेंबर ते मार्च. नेमक्या त्याच महिन्यांत डोंगरात पाऊस, दरडी. फेब्रुवारीत तर इंका ट्रेल ही सुप्रसिद्ध पायवाट बंदच ठेवतात. डोंगर कोरडा नि आभाळ निळं असतं मे ते सप्टेंबर, पण तेव्हा लिमावर गारूआ नावाचं राखाडी धुकं मुक्कामाला येतं आणि महिनोन् महिने हटत नाही. जंगलाला पावसाचं वावडं कोणत्याच महिन्यात नाही. काकांनी बारा महिने आडवे लिहिले, तीन प्रदेश उभे लिहिले आणि चौकोनांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. एक महिना, ज्याचा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा आहे, एवढंच त्यांना हवं होतं. तो नव्हता. सबंध चातुर्मास ते त्या तक्त्यापुढे बसून होते. एप्रिल पिवळा, ऑक्टोबर पिवळा. पिवळ्यावर समाधान मानायचं तर मग रंग दिलेच कशाला?

“मग दोनदा जा,” मी म्हटलं. “एकदा डोंगर, एकदा किनारा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. सिमेंट कमी घालणाऱ्या कंत्राटदारांनी ती नजर ओळखली असती. “एवढं तिकीट काढून अर्धा देश बघायचा?”

महिना ठरत नव्हता, पण त्यामुळे आराखडा थांबला असं नाही. काकांच्या जुन्या खात्यात प्रकल्पाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते आणि खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा. मूळ प्रस्ताव पंधरा दिवसांचा होता: लिमा, कुस्को, माचू पिचू, परत. काकूंनी पोळ्या लाटता लाटता मान्यता दिली. मग काकांच्या लक्षात आलं, की लिमाहून थेट विमानाने कुस्कोला गेलं तर माणूस दीडेक तासात समुद्रसपाटीवरून ३,४०० मीटरवर जातो आणि त्याचं डोकं फुटायला लागतं. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई आणि वर आणखी एक टेकडी. शहाणा माणूस रस्त्याने, टप्प्याटप्प्याने चढतो. ही पहिली सुप्रमा आणि ती प्रकृतीच्या कारणास्तव असल्याने काकू काही बोलल्या नाहीत.

आता टप्पे म्हटले की ते किनाऱ्याने जाणार. किनाऱ्याने गेलं की पाराकास लागतं, जिथे वाळवंट सरळ समुद्रात उतरतं आणि समोरच्या बेटांवर पेंग्विन असतात. पाराकासपासून जवळच वाकाचिना, वाळूच्या टेकड्यांमधलं तळं. तिथवर गेल्यावर नाझ्का टाळणार कसं? वाळवंटाच्या जमिनीवर कोणे एके काळी काढून ठेवलेली माकडं, कोळी, पक्षी, एवढाली की नीट बघायला विमानात बसावं लागतं. मारिया राइखे या जर्मन गणितज्ञ बाईंनी उभं आयुष्य त्या रेषा मोजण्यात घातलं, आणि या एका बाईविषयी काका ज्या गहिवराने बोलतात तसे ते कुठल्या संताविषयीही बोलत नाहीत. नाझ्कानंतर आरेकिपा, २,३३५ मीटर, पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर. तिथून कोल्काची दरी, जिच्या कड्यावरून सकाळी ऊन तापलं की कोंडोर गिधाडं वर उचलली जातात. मग पुनो आणि तितिकाका, ३,८१२ मीटरवरचं सरोवर, त्यात लव्हाळ्यांच्या तरंगत्या बेटांवर राहणारे उरू लोक. मग कुठे कुस्को. कुस्कोच्या पलीकडे डोंगर उतरला की मानूचं जंगल. आणि उत्तरेला हुआस्कारान, ६,७६८ मीटर, पेरूचं सर्वांत उंच शिखर. चढायचं नाही, नुसतं बघायचं, पण बघायला जायचं म्हणजे लिमाहून पुन्हा अख्खी रात्र बसमध्ये.

इथे कोणीही थांबला असता. काका इकितोसला पोचले. इकितोस हे रस्त्याने जाताच येत नाही असं जंगलातलं मोठं शहर. विमान नाहीतर नदी. नदीने जाणाऱ्या मालवाहू बोटींवर प्रवासी आपापले झोपाळे बांधतात आणि त्यात पडून काही दिवस काढतात. काकांनी झोपाळ्याची दोरी किती जाडीची लागेल ते काढलं.

“झोळीत मी नातवाला निजवते,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला कोण हलवणार?”

तितिकाकाचं दुसरं टोक बोलिव्हियात असल्यामुळे मध्यंतरी उयुनीचं मिठाचं रणही आराखड्यात आलं, आणि त्याला लागून चिलीचं अटाकामा. आलोच आहोत तर. पंधरा दिवसांचे चौऱ्याहत्तर झाले. पेरू एकशे ऐंशी दिवस राहू देतो, हे काकांना ठाऊक आहे. ती मर्यादा आहे असं मात्र त्यांना वाटत नाही, ते लक्ष्य आहे असं वाटतं.

देशातली विविधता बघायला बरी असते, पिशवीत भरायला नाही. वाळवंटासाठी पातळ सुती, डोंगरासाठी लोकरी, जंगलासाठी लांब बाह्यांचं आणि पटकन वाळणारं, आणि हे सगळं पन्नास लिटरांत. काकांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा जप्त केला. टूथब्रशचा दांडा अर्ध्यावर कापला. पायमोज्यांच्या एका जोडाचं वजन कोरडं आणि ओलं असं दोनदा घेतलं. दुसरी पँट सखोल विचारांती वगळण्यात आली; मेतकूट ४०० ग्रॅम आणि थालीपिठाची भाजणी सव्वा किलो मात्र तशीच राहिली. भाजणीबद्दल मी काही सुचवायला गेलो तर ते म्हणाले, “ती संपत जाते. पँट संपत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पाठीला सवय व्हावी म्हणून ते रोज पहाटे भरलेली पिशवी घेऊन पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढायला लागले. भरायला दिवाळी अंक. सुरुवातीला विनोदी अंक घेतले होते, ते हलके निघाले. मग भविष्याचे भरले. पहिल्याच आठवड्यात पर्वतीवरच्या एका आजोबांनी त्यांना थांबवून जुन्यांपैकी दोन अंक दहा रुपयांना देता का, असं विचारलं. काकांनी दिले नाहीत. वजन अकरा किलो ठरलेलं होतं, दोन अंक गेले तर हिशेब चुकला असता.

पीतज्वराच्या लशीचं प्रकरण नाजूक होतं. पेरूहून परतणाऱ्याकडे भारतात शिरताना या लशीचा पिवळा दाखला मागतात, आणि ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. काकांनी हे सगळं तारखांसकट मांडलेलं होतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्याला त्रास होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, “जंगलात जायलाच हवं का?” इतक्या वर्षांत एखादी गोष्ट गाळता येईल का, असं काकांना सरळ विचारणारा हा पहिला माणूस. काका घरी आले, पाणी प्यायले, आणि त्यांनी ‘डॉक्टर’ या रकान्यात आणखी दोन नावं वाढवली.

काकू या सगळ्यात कुठे होत्या? बाजूला. तक्त्याची सतरा पानं होती, त्यांतलं एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं. ‘आहार’ हे पान त्यांनी शेवटी वाचलं तेही काकांच्या स्पॅनिशला कंटाळून. काका रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून आपण शाकाहारी आहोत हे स्पॅनिशमध्ये समोरच्या बकुळीला सांगायचे. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. पण त्या खंडात कार्ने म्हणजे मुख्यतः गाय-बैल असं धरतात आणि सिन कार्ने म्हणणाऱ्याला प्रेमाने कोंबडी वाढतात, हे कळल्यावर वाक्य लांबलं: मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, माशाशिवाय, हॅमशिवाय. शिवाय तिथे गिनीपिग हे पक्वान्न आहे, म्हणून त्याच्याशिवाय. एकदा मुगाच्या खिचडीचं ताट समोर आलं तेव्हा काका हे सगळं सवयीने म्हणून गेले. काकू उठल्या, चष्मा लावला आणि ‘आहार’ उघडून त्या देशात मग खायचं असतं तरी काय, ते बघायला बसल्या.

बटाटा. रताळं. शेंगदाणे. मिरची. साबुदाणा ज्याचा करतात तो कंद. किविचा म्हणून एक दाणा, राजगिऱ्याच्याच कुळातला.

“अहो,” काकूंनी हाक मारली, “हा तर उपासाचा देश!”

आणि ते खरंच आहे. आपल्या एकादशीच्या ताटातले अर्धेअधिक पदार्थ दक्षिण अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेले. पोर्तुगीज यायच्या आधी आपले पूर्वज वरी आणि शिंगाड्यावर दिवस काढत असणार. बटाटा तर मुळात अँडीजचाच. तिथे त्याच्या चार हजारांवर जाती आहेत, जांभळ्या, काळ्या, आतून लाल, बोटाएवढ्या वाकड्या; बटाट्याचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रच १९७१ पासून लिमात आहे. काकूंना आजवर बटाट्याच्या दोनच जाती ठाऊक होत्या, जुना आणि नवा.

त्यांनी पुढे वाचलं. पेरूच्या उत्तरेला सिपान इथे १९८७ साली एका जुन्या अधिपतीची कबर उघडली, इंकांच्याही कित्येक शतकं आधीची, आणि तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या शेंगांचा हार निघाला. भुईमुगाच्या शेंगा, हुबेहूब, वरच्या रेघांसकट.

“शेंगांचा हार? सोन्याचा?” काकूंनी तक्ता जवळ ओढला. “किती तोळे?”

तोळे त्यात नव्हते. पण त्या रात्री आराखड्यात लांबायेके इथलं संग्रहालय दाखल झालं, आणि ‘आलोच आहोत तर’ हे शब्द त्या घरात पहिल्यांदा काकूंच्या तोंडून ऐकू आले.

मग चुन्यो. जून-जुलैत डोंगरात रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तेव्हा लहान बटाटे उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, आणि मग माणसं त्यांच्यावर उभी राहून पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढून टाकतात. असं काही दिवस केलं की गारगोटीएवढा, हलका, कोरडा गोळा उरतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. काका हे वाचून दाखवत होते. काकूंचे हात थांबले. उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या आणि चिकवड्या घालण्यात आमच्या इमारतीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

“म्हणजे वाळवणच की. आपण उन्हाचं करतो, ते थंडीचं करतात.” मग जरा थांबून, “पायांनी तुडवतात?”

“पायांनी.”

“धुऊन?”

सतरा पानांत याला रकाना नव्हता.

सगळं इथेच, असंच आणखी काही वर्षं चाललं असतं. पण काकांची पुतणी बंगळुरूला असते, तिला जुलैत तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि ती म्हणाली, “काका, मी पेरूला जाते. तुमच्याकडे काहीतरी नोट्स आहेत ना?”

काहीतरी नोट्स! काकांनी तिला तक्त्यावरून छापलेली, शहाण्णव पानांची, स्पायरल लावलेली प्रत दिली. तिने बसच्या वेळापत्रकाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, प्रत टीपॉयवर ठेवली आणि काकूंना विचारलं, काही आणू का? काकूंनी सांगितलं.

ती तीन आठवडे काका लिमाच्या वेळेवर जगले. दिवाणखान्यातलं घड्याळ साडेदहा तास मागे नेलेलं होतं. दुपारी त्यांच्याकडे चहाला गेलं की तिथे उत्तररात्र असायची आणि ते हळू आवाजात बोलायचे. पोरीचा पहिला फोन आला तोच गुन्ह्याच्या कबुलीचा. लिमात धुकं होतं, म्हणून ती विमानतळावरून पुढच्याच विमानाने आरेकिपाला गेली. पाराकास नाही, नाझ्का नाही. काका म्हणाले, “मारिया राइखेने चाळीस वर्षं...” आणि पुढे त्यांना बोलवेना. दुसरा फोन आला तेव्हा ती कुस्कोजवळच्या पिसाकमध्ये होती. माचू पिचूकडे निघाली होती, पण वाटेत पारो. तिथे संप झाला की लोक रस्त्यावर दगड आणि झाडाचे ओंडके आणून टाकतात आणि सगळी वाहतूक बंद होते. काकांनी लगेच पान उलटलं. पाऊस, दरड, उंचीचा त्रास, पासपोर्ट हरवणे, प्रत्येकाला पर्यायी मार्ग होता. लोक रागावतील, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

“मग तू काय करतेयस?”

“काही नाही. पिसाकच्या वर एक गाव आहे, तिथे एका घरी राहतेय.”

“किती दिवस?”

“बघू.”

‘बघू’ हे उत्तर काकांना मोबाइलच्या पडद्यावरून तिखट लागल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. पिसाकच्या वरच्या अंगाला क्वेचुआ लोकांच्या काही गावांनी मिळून बटाट्याच्या जुन्या जाती जपून ठेवल्या आहेत, हजारावर जाती एका डोंगराला. पोरगी तिथे आठ दिवस राहिली. रस्ता तिसऱ्याच दिवशी सुरू झाला होता, पण माचू पिचूची तिकिटं आता ठरावीक वेळेची आणि ठरावीक वाटेची असतात; तिची वेळ होऊन गेली होती आणि नवीन मिळत नव्हतं. तिने म्हणे फार प्रयत्नही केला नाही.

परत आल्यावर ती भेटायला आली तेव्हा मी तिथेच होतो. काका तिच्यावर रागावले नाहीत. आजारी माणसाशी बोलावं तसे सौम्य झाले होते. “माचू पिचू राहिलं,” ते म्हणाले. “मग लोकांना सांगणार काय तू?”

पोरीने पिशवीतून कापडी पुडी काढून काकूंच्या हातात दिली. राखाडी-काळे, दगडासारखे गोळे.

“मी पण तुडवले,” ती म्हणाली. “सकाळी इतके गार असतात ना, पाय बधिर होतात.”

“पाय धुतले होतेस?”

“हो, काकू. सगळेच धुतात.”

काकूंनी मान डोलावली. काकांच्या सतरा पानांत नसलेला एक रकाना भरला होता, पण तो भरला हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

एकादशीला काकूंनी चुन्यो आदल्या रात्री भिजत घातले, दोनदा पाणी बदललं, सकाळी पिळून तुपात जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि भरपूर दाण्याचं कूट घालून भाजी केली. चव जराशी मातकट, दाताखाली किंचित रबरी, वाईट नाही. शेजारच्या आजींनी हे उपासाला चालतं का असं विचारलं, तर काकू म्हणाल्या, “बटाटा चालतो ना? मग बटाट्याचं प्रेत का नाही चालणार?” काकांनी तीनदा वाढून घेतली. जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

ताटं उचलताना काकू म्हणाल्या, “जूनमध्ये जाऊ.”

“जून?” काकांनी मान वर केली. “जूनमध्ये लिमात धुकं असतं.”

“लिमात कोण राहतंय?”

“विमान लिमालाच उतरतं.”

“उतरू आणि निघू. पोरगी निघाली तशी.”

“चोवीस जूनला कुस्कोत इंती रायमी असते, सूर्याचा उत्सव. हॉटेलं मिळत नाहीत. आणि जंगल जूनमध्ये पिवळं आहे.”

“मला जंगल नकोय. मला बटाटे तुडवायचेत आणि तो शेंगांचा हार बघायचाय. बाकीचं तुम्ही ठरवा, शनिवार-रविवार धरून बावीस दिवसांत बसेल तेवढं.” आणि मग, हात पुसत, “तिकिटं काढलीत त्याने. काल रात्री फोन झाला.”

डॅलसहून मुलाने मुंबई-अॅमस्टरडॅम-लिमा अशी दोन तिकिटं काढून टाकली होती. काकांच्या मोबाइलवर ती आदल्या दिवसापासून येऊन पडलेली होती, पण ते अजूनही लिमाच्या वेळेवर असल्याने उजाडायची वाट बघत होते.

त्यानंतर काका खचले असतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांच्याकडे बावीस दिवसांचा नवा तक्ता होता. इकितोस गळालं होतं, उयुनी गळालं होतं; गाळलेल्या ठिकाणांसाठी वेगळं पान केलं होतं आणि त्याला ‘टप्पा दोन’ असं नाव दिलं होतं. अमेरिकेच्या व्हिसाची अजून तीन वर्षं शिल्लक आहेत, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

वाद राहिला तो सामानाचा. काकू पाठीवर पिशवी घ्यायला तयार नाहीत. त्यांची नेहमीची चाकांची बॅग येणार, जिच्या मुठीला ओळखायला लाल दोरा बांधलेला आहे, ती. काकांनी परवा मला साक्षीला बोलावून पुन्हा विषय काढला.

“अगं, कुस्कोचे रस्ते दगडी आहेत. इंकांच्या वेळचे. चढाचे. तिथे चाकं फिरणार नाहीत.”

“मग उचलून न्यायची.”

“कोणी?”

काकूंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. “इतके दिवस पर्वतीवर दिवाळी अंक काय हौस म्हणून चढवत होतात?”